हेल्याचं तळं

मी मूळचा बोरगावचा, सौंसरजवळचं बोरगाव, तिथं आमची थोडी शेती होती, कापूस व्हायचा, पण वडिलांना वाटे की पोरानं मास्तर व्हावं, तर मी मास्तर झालो. शाळा मराठी, सरकार हिंदी. म्हणजे वर्गात मराठी शिकवायचं आणि ऑफिसात अर्ज हिंदीत द्यायचा, नोकरी सगळी अशीच गेली, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सुमन सौंसरची. तीही शिक्षिका. लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं दोन वेगळ्या गावांत होतो, मग बदली होऊन पांढुर्ण्याला आलो आणि स्टेशनाच्या बाजूला या कॉलनीत घर बांधलं. लेकरू झालं नाही. त्याबद्दल तुम्ही विचारलं नाही हे बरं केलं, लोक विचारतात.

काय सांगू तुम्हाला, आमचं घर म्हणजे पुस्तकं आणि ती. मी वाचणारा, ती सांगणारी. मी एक पुस्तक महिनाभर पुरवून वाचायचो आणि तिनं ते दोन दिवसांत वाचून शाळेत लेकरांना सांगूनही टाकलेलं असायचं, तेही बदलून, स्वतःच्या मनानं. मी म्हणायचो, सुमन, असं नाही आहे त्यात. ती म्हणायची, अहो, असायला पाहिजे होतं. शनिवारी जामसांवलीला जायची मारुतीच्या दर्शनाला, तर येताना बसमध्येही कोणाला तरी गोष्ट सांगत यायची. आता शनिवार आला की मला कळत नाही काय करावं. देवाचं मी कधी फार केलं नाही, तिच्याच सोबत जायचो.

तर ती हेल्याची गोष्ट. हेला म्हणजे आपला रेडा. तुम्ही तीच ऐकायला आल्या ना. सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगतो, मला उशीर लागतो.

आमच्या कॉलनीत गणपती बसतो. त्या काळात सगळा कारभार हसतखेळत चालायचा, कॉलनीचे अध्यक्ष एक म्हातारे रेल्वेचे रिटायर गृहस्थ होते, त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून भांडणं व्हायचीच नाहीत. एका वर्षी लेकरं म्हणाली, बाई, या वेळी नाटक पायजे, गाणे-बिणे नाई. तर सुमननं नाटक रचलं. जंगलाच्या कडेला एक तळं. उन्हाळ्याचे दिवस. सगळी जनावरं संध्याकाळी एकदम पाण्यावर येतात, गर्दी होते, ससा हरणाच्या पायात येतो, गाढवीण सगळ्यांत पुढे घुसते, माकडं पाणी उडवतात, भांडणं होतात, आणि भांडत भांडत सगळ्यांचं पाणी पिऊन होतं. आणि एक हेला. तो दिवसभर पाण्यातच बसलेला. कोणाच्या अध्यात ना मध्यात. गवत खाणारा प्राणी, त्याला कोण भिणार.

हेल्याचं काम कोणी करावं, तर सगळे म्हणाले, बंडूभाऊ. बंडूभाऊ आमच्याच गल्लीत राहायचा, संत्र्याच्या गाड्या भरून पाठवण्याचं त्याचं काम, अंगानं भरलेला, आवाज खर्जातला, आणि स्वभाव म्हणाल तर कोणाच्या घरी सिलेंडर उचलायचं असो की मयतीचं सामान आणायचं असो, बंडूभाऊ हजर. घोंगडी पांघरून, पुठ्ठ्याची शिंगं लावून तो बसला की लेकरं पोट धरून हसायची. तळं कशाचं करावं म्हणून सुमननं आपली निळी साडी स्टेजवर अंथरली, चांगली साडी होती, मी म्हटलं जुनी घे, तर म्हणाली जुनीचं पाणी दिसत नाही.

तालमी आमच्या अंगणात व्हायच्या. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचो, पण वाचन काही व्हायचं नाही, कान तिकडेच. आणि मला आता सारखं आठवते ते नाटक नाही, त्या तालमी आठवतात. कारण बंडूभाऊ प्रश्न फार विचारायचा. पाठांतर त्याला जमेना, तो म्हणायचा, बाई, मले समजलं तर मी बोलतो, नाई समजलं तर तोंडातून निघत नाई.

गोष्टीत असं होतं की एक दिवस तळ्याच्या काठावर बिबट्याचा पंजा उमटलेला दिसतो. सगळे घाबरतात. हेला म्हणतो, तुम्ही घरी जाऊन झोपा, मी तसाही पाण्यातच असतो, मी लक्ष ठेवतो. सगळ्यांना बरं वाटतं. बंडूभाऊनं विचारलं, बाई, तो पंजा खरा होता का हेल्यानंच काढला. सुमन म्हणाली, ते मी पण ठरवलं नाही, भाऊ, त्यानं फरक पडत नाही. काहून नाई पडत? कारण बिबट्या नंतर कोणी पाहिलाच नाही, आणि हेला म्हणाला की मी आहे म्हणून तो येत नाही. बंडूभाऊ हसला. म्हणाला, हाव, हे कोणाले खोटं पाडता येत नाई.

मग हेला म्हणतो, तुम्ही सगळे एकदम येता हे बिबट्याच्या फायद्याचं आहे, वेगवेगळे या, मी वेळ ठरवून देतो. सशाची सकाळ, हरणाची दुपार, असं. पाणी कोणाचंच तोडत नाही, हे लक्षात घ्या, सुमन यावर फार अडून बसली होती. एक पोट्टा म्हणाला, बाई, हेला दुष्ट आहे तर त्यानं पाणी बंद केलं पायजे. ती म्हणाली, नाही रे, पाणी बंद केलं तर सगळे एका दिवसात एक होतील.

आणि मग प्रत्येक जण एकटा पाण्यावर आला की हेला त्याच्या कानात सांगतो. सशाला सांगतो, हरीण तुझ्याबद्दल असं म्हणून राहिलं होतं. हरणाला सांगतो, ससा तसं म्हणाला. आणि शेवटी सगळ्यांना तेच, तुझ्यापाशीच बोलतो हो मी, बाकीच्यांचा भरवसा नाही. इथं बंडूभाऊ अडला. म्हणाला, बाई, हे पटत नाई, ससा हरणाले जाऊन विचारील ना, काहून बे, तू असा बोलला का. सुमन म्हणाली, नाही विचारणार. काहून? कारण विचारलं आणि खरंच निघालं तर, या भीतीनं. बंडूभाऊनं डोक्यावरची शिंगं काढून हातात घेतली. मग म्हणाला, हाव बाई, बरोबर आहे, मी पण नाई विचारणार.

शेवट नंतर सांगतो.

नाटक असं झालं की पुढचे कितीतरी दिवस कॉलनीत दुसरा विषय नव्हता. लेकरं बंडूभाऊला हेलाभाऊ म्हणायला लागली, तोही डोकं हलवून दाखवायचा. पुढच्या बैठकीत म्हातारे अध्यक्ष म्हणाले, आता मला सोडा. कोणाला करावं, तर बायकांच्या घोळक्यातून कोणी तरी बोललं, हेल्यालेच करा ना अध्यक्ष, शोभून दिसते. सगळे हसले. हसत हसतच हात वर झाले. सुमनचा, माझा, सगळ्यांचा. तुम्ही म्हणाल, एवढं नाटक पाहून कसं काय. पण आम्हाला वाटलं, ज्यानं हेला केला त्याला हेला कसा वाईट असतो ते आमच्यापेक्षा जास्त माहीत. ते माहीत होतंच त्याला.

आता बोअरचं सांगितलं पाहिजे. नगरपालिकेचं पाणी उन्हाळ्यात रोज येत नाही, म्हणून कॉलनीनं मिळून देवळामागे बोअर मारलेली होती. सकाळी मोटार सुरू झाली की बायका नळावर यायच्या, बादल्यांवरून भांडायच्या, त्यातच कोणाची लेक नांदायला गेली, कोणाची सासू पडली, सगळं कळायचं. समोरच्या घरात मंदा राहते, शिवणकाम करते, तिची आणि सुमनची तिथंच मैत्री झाली, एकीची बादली भरेपर्यंत दुसरीनं हलायचं नाही असा त्यांचा नेम होता. बंडूभाऊ अध्यक्ष झाला आणि म्हणाला, हे भांडण चांगलं दिसत नाही, आता आपलं गाव वाढून राहिलं, बाहेरचे लोक येतात. त्यानं गल्लीगल्लीच्या पाइपाला वेगळी चावी बसवली, मग घराघराला. प्रत्येकाला आपापल्या वेळी घरात पाणी. सोय झाली. खरंच सोय झाली, मी खोटं कशाला बोलू, माझ्या कंबरेनं तर त्याला दुवाच दिला.

सुमननं पहिल्याच दिवशी म्हटलं, अहो, हा माझी गोष्ट करून राहिला. मी म्हटलं, तू उगाच. ती म्हणाली, उगाच नाही, मीच त्याला शिकवलं, एकेक पायरी अंगणात उभं राहून समजावून सांगितली.

पण काय सांगू तुम्हाला, एवढं सगळं ओळखून असलेली ती बाई, स्वतः रचलेली गोष्ट, आणि तरी तिला लागलं. बंडूभाऊ एक दिवस चहाला आला, तो सगळ्यांकडेच चहाला जायचा, आणि जाता जाता म्हणाला, बाई, मंदाताई म्हणून राहिली होती की मास्तरणीले लेकरू नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकरांचं नाटक करते, मनावर घेऊ नका, तुमच्यापाशीच बोललो. मी म्हटलं, सुमन, हे तर तुझंच वाक्य आहे. ती म्हणाली, हो. आणि मग म्हणाली, पण म्हटलं असेल तर? समोर घर, मधे रस्ता, बैलगाडी जाईल एवढा, तो ओलांडून तिनं मंदाला विचारलं नाही. मंदालाही काही तरी सांगितलं असणार, कारण तिनंही शिवायला घेतलेला सुमनचा ब्लाउज एका पोरीच्या हाती पाठवून दिला. त्यानंतर त्या दोघी फाटकापाशी दिसल्या तर हसायच्या, बोलायच्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी गणपतीत पुन्हा तेच नाटक करायचं ठरलं. बंडूभाऊ म्हणाला, बाई, लोकांले शेवट पायजे, तुमच्या नाटकाले शेवटच नाई. सुमन म्हणाली, आहे. तो म्हणाला, असा नाई, चांगला, सगळे जनावरं येतात, हेल्याले हार घालतात, म्हणतात तू होता म्हणून बिबट्या आला नाई. सुमन म्हणाली, भाऊ, ही माझी गोष्ट आहे, कॉलनीची मोटार नाही. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. आणि स्टेजवर हारच घातला. वर माइकवरून सांगितलं की शेवट बाईंनीच नवीन लिहिला. सुमन माझ्या शेजारी बसली होती, ती उठून घरी आली. मी मागून आलो तर स्वयंपाकघरात कणीक मळून राहिली होती, भूक कोणालाच नव्हती. म्हणाली, त्यानं बदललं याचं मला काही नाही. लोकांना त्याचाच आवडला, पाहिलं का तुम्ही.

दरवर्षी तेच झालं. अध्यक्षाची निवडणूक पुन्हा झाली नाही, कारण बैठक बोलावणार कोण, आणि दुसरा कोण उभा राहील हे कोणी कोणाशी बोलणार कधी. सुमननं नवीन काही रचलं नाही. मग तिचं दुखणं निघालं. नागपूरच्या फेऱ्या. तिथं कोणी नेलं विचारा. बंडूभाऊनं. आपल्या गाडीत, मागच्या सीटवर उशी लावून. ती गेली तेव्हा हिवाळा होता, संत्र्याचा तोडा सुरू होता, रस्त्यावर ट्रकमागे ट्रक, आणि आपलं काम सोडून तो दिवसभर इथं उभा होता, रडला पण. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. मंदा फाटकापाशी आली होती, पदर तोंडाला लावून, आत आली नाही.

तेव्हापासून माझा दिवस असा आहे. सकाळी चहा, पेपर, मग वरणभात किंवा खिचडी, दोन्हीला कुकर एकच. माझी पाण्याची वेळ भर दुपारची, तेव्हा गल्लीत कुत्रंही नसते. टाकी भरल्याचा आवाज येतो तेवढाच. पुस्तक उघडतो, पान उलटत नाही. पूर्वी मी वाचता वाचता मधेच काही तरी मोठ्यानं म्हणायचो आणि आतून ती उत्तर द्यायची, आता म्हणून झाल्यावर लक्षात येते. आणि या घरात येणारा माणूस एकच. तुम्हाला कळलं असेल. सोमवारी यायचा, बसायचा, बाई अशा म्हणायच्या, बाई तशा म्हणायच्या, तालमीतल्या गोष्टी काढायचा. तिच्याबद्दल बोलणारं दुसरं कोणी नव्हतं हो. मी सोमवारची वाट पाहायचो. चहात साखर जास्त घालायचो त्याच्यासाठी.

यंदा गणपतीच्या आधी आला आणि म्हणाला, गुरुजी, यंदा नाटक बाईच्या नावानं करतो, बोर्डावर मोठं नाव टाकतो, तुम्ही समोर खुर्चीवर बसा, शाल-श्रीफळ घ्या. मी म्हटलं, शेवट कोणता? तो म्हणाला, लोकांच्या आवडीचाच, आता तोच पाठ आहे लेकरांले.

मी त्याला विचार करतो म्हणालो. खरं सांगतो, तिचं नाव माइकवर ऐकायचं होतं मला. सगळ्या कॉलनीनं ऐकावं असं वाटत होतं. नाही म्हटलं तर नावही गेलं आणि सोमवारही गेला. आणि हो म्हटलं तर ज्या शेवटावरून ती उठून आली होती त्याच्यावर तिच्या मरणानंतर तिची सही. आठवडाभर मी घरात नुसता फिरलो. मग तो आला तेव्हा म्हटलं, नाव टाका, पण तिचा शेवट झाला पाहिजे. तो जराही थांबला नाही. म्हणाला, हाव गुरुजी, तुम्हीच सांगा ना शेवट, नाटक झालं की माइक तुमच्या हाती देतो.

दिला. शब्दाचा पक्का आहे तो. मी समोर खुर्चीवर बसलो होतो, स्टेजवर निळी साडी अंथरलेली, तीच, जागोजागी विरलेली, त्यावर बंडूभाऊ घोंगडी पांघरून बसलेला. लेकरांनी हार घातला, टाळ्या झाल्या. मग मी उठून स्टेजवर गेलो. मला माइकची सवय नाही, वर्गात कधी लागला नाही. मी म्हटलं, बाईंचा शेवट असा नव्हता, असा होता.

एक दिवस फार ऊन होतं. सशाच्या वेळेला गाढवीण पाण्यावर आली. ससा घाबरून अंग चोरून उभा राहिला. हेला म्हणाला, ही तुझी वेळ नाही. गाढवीण म्हणाली, मला आत्ता तहान लागली आहे. हेला म्हणाला, तुला माहीत आहे का ससा तुझ्याबद्दल काय म्हणतो. गाढवीण म्हणाली, पाणी पिऊन झाल्यावर त्यालाच विचारते. आणि तिनं मान खाली घालून पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी गाढविणीच्या वेळेला ससा आला.

एवढंच. इथं पडदा. पहिल्या वर्षी लोकांनी ओरडून विचारलं होतं, मग हेल्याचं काय झालं, तर सुमन स्टेजवर येऊन म्हणाली होती, तो तिथंच बसला आहे, हेला आहे तो, पाणी सोडून कुठं जाईल.

माझं सांगून झालं. लोक एकमेकांकडे पाहत नव्हते, ते मला वरून दिसलं, सगळे स्टेजकडे पाहून राहिले होते, बंडूभाऊकडे. आणि टाळी कोणाची आधी पडली सांगू, त्याची. शिंगं डोक्यावर, हार गळ्यात, उभा राहून टाळ्या वाजवल्या. म्हणाला, वा गुरुजी, हा शेवट बी छान आहे, पुढच्या वर्षी दोन्ही दाखवू, पब्लिकनं पसंत करावा. सगळे सुटल्यासारखे हसले. त्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

मी घरी आलो. बंडूभाऊनं राग धरला असता तर बरं झालं असतं. माझं पाणी कमी झालं नाही, वेळ बदलली नाही, रस्त्यात दिसला की लांबून हात करतो. फक्त सोमवारी येत नाही. म्हणजे आता कोणीच येत नाही. पहिल्या सोमवारी मी दोन कप काढून ठेवले होते, मग एक परत फळीवर ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी, माझ्या पाण्याच्या वेळेला नाही, जरा नंतर, मंदा आली. फाटकापाशीच उभी राहिली. किती वर्षांनी मी तिला एवढ्या जवळून पाहिलं, केस पूर्ण पांढरे झाले आहेत. मला वाटलं ती बंडूभाऊबद्दल बोलेल, की सुमनबद्दल बोलेल, की माफी-बिफी. तसं काही नाही. म्हणाली, गुरुजी, एक विचारू. म्हटलं, विचारा. म्हणाली, पाणी पिऊन झाल्यावर गाढविणीनं सशाले विचारलं का? अन् ससा काय बोलला?

मी म्हटलं, ते तिनं लिहिलं नाही.

म्हणाली, तुमच्यापाशी तरी बोलली असेल ना.

मी आठवून पाहिलं. तालमी, ओसरी, स्वयंपाकघर, नागपूरचा दवाखाना. नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं गोष्टीच्या शेवटासाठी जीव अडवून बसलो आणि त्याच्या पुढचं वाक्य काय, हे मला सुचलंही नाही, ज्या बाईशी सुमन बोलायची थांबली तिला सुचलं. मी म्हटलं, आठवलं तर सांगतो.

ती म्हणाली, बरं, मग उद्या विचारते.

आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली, कालही आली होती. फाटकातूनच विचारते, आठवलं का. मी म्हणतो, अजून नाही. ती हो म्हणते आणि जाते. सुमन तसं काही बोललीच नव्हती हे मला चांगलं माहीत आहे, आणि मला वाटते मंदालाही माहीत असावं. पण मी नाही म्हणत नाही, अजून नाही म्हणतो.

बरं, तुमची बस चुकेल. तुम्ही एवढ्या लांबून आल्या, ऐकून घेतलं, लिहून घेतलं, सुखी राहा. चहा राहिलाच पाहा. आणि जाताना फाटक नुसतं लोटून घ्या, कडी लावू नका, तिची यायची वेळ झाली आहे.